शमीवरची शस्त्रे आणि घरातला संगणक

पितृपक्ष सरतो, घटातल्या मातीतून नवधान्याचे पिवळसर अंकुर वर येतात आणि बघता बघता खंडेनवमी दारात उभी राहते. वर्षभर जी अवजारे आपण गृहीत धरून वापरली, त्यांच्यापुढे हात जोडण्याचा हा दिवस. शेतकऱ्याच्या घरी नांगराचा फाळ आणि कोयता, सुताराकडे रंधा आणि करवत, शिंप्याकडे शिवणयंत्र, घरोघरी विळी आणि दुचाकी. साऱ्यांना स्वच्छ पुसून हळदकुंकू वाहिले जाते, झेंडूचे फूल ठेवले जाते. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, पाटीवर एकाच्या आकड्यांनी सरस्वती रेखली जाते आणि तिच्याभोवती पुस्तके मांडली जातात. गेल्या पाव शतकात या दोन्ही पूजांच्या मधोमध एक नवे यंत्र येऊन बसले आहे. संगणकाला अवजार म्हणावे की पुस्तक, हे आपण कधी नीट ठरवले नाही. म्हणून काही घरांत त्याची पूजा नवमीला होते, काही घरांत दशमीला, आणि कीबोर्डाच्या फटीत अडकलेली झेंडूची पाकळी पार कार्तिकापर्यंत तिथेच राहते.

हे यंत्र आपल्या घरी आले तेव्हाच सगळ्यांचे म्हणून आले. महाराष्ट्रात २००१ साली एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम सुरू झाला, सरकारी नोकरीसाठी त्याचे प्रमाणपत्र मागितले जाऊ लागले आणि तालुक्याच्या गावापर्यंत संगणकाचे वर्ग निघाले. मुलांचे भवितव्य म्हणून, पुष्कळदा हप्त्याने, संगणक घेतला गेला. त्याची जागा दिवाणखान्याचा कोपरा, त्याच्यावर धूळ बसू नये म्हणून शिवून घेतलेले आवरण, आणि बटण दाबले की कोणतीही विचारणा न करता समोर येणारा पडदा. पुढे प्रत्येकाच्या हाती मोबाइल आला, तरी घराचे जड सामान या एका यंत्रातच राहिले. २०२०च्या टाळेबंदीत तर सकाळची शाळा, दुपारची कचेरी आणि रात्रीचा भजनी मंडळाचा मेळावा त्याच पडद्यावर पार पडला. आज त्याच्या पोटात काय नाही? सातबाऱ्याचे उतारे, सदनिकेच्या खरेदीखताची प्रत, आयकराची विवरणपत्रे, आजोबांच्या मृत्युपत्राचा कच्चा मसुदा, आईच्या तपासण्यांचे अहवाल, मुलीने कुणालाही न दाखवलेल्या कविता, सुनेने दुसऱ्या नोकरीसाठी लिहिलेला अर्ज. आणि हे सारे बहुतेक घरांत एकाच नावाच्या खात्यात, एकाच पडद्यावर, ‘नवीन फोल्डर’, ‘नवीन फोल्डर २’ अशा ओळीत उघडे पडलेले असते.

बाहेरच्या चोराबद्दल आपण आता सावध झालो आहोत. ओटीपी कुणाला सांगायचा नाही, अनोळखी दुव्यावर बोट ठेवायचे नाही, हे घरातली आजीसुद्धा शेजारणीला बजावून सांगते. परंतु घरातल्या घरात कुणाचे काय खासगी असावे, हा विषय काढला की वातावरण अवघडते. ‘आपल्याच माणसांपासून काय लपवायचंय?’ हा प्रश्न येतो आणि त्या प्रश्नाने चर्चा मिटते. विचारणाऱ्याला उत्तर नको असते. त्याला खात्री हवी असते की घर अजून एकसंध आहे. त्या काळजीचा मान राखूनच या प्रश्नाला उत्तर दिले पाहिजे, कारण ते उत्तर आपल्या घरांच्या रीतीतच आहे.

पोस्टमन दारी यायचा त्या काळाची आठवण ज्यांना आहे, त्यांना पोस्टकार्ड आणि अंतर्देशीय पत्र यांतला फरक सांगावा लागत नाही. कार्ड वाड्यातल्या कुणीही वाचावे. मुक्कामपोस्टापासून ‘लहानांस आशीर्वाद’पर्यंत ते मोठ्याने वाचलेही जाई. निळे अंतर्देशीय मात्र ज्याच्या नावाने आले त्याच्याच हाती द्यायचे. ते फोडायचे नाही, उजेडाकडे धरून आतली अक्षरे लावायची नाहीत, हा संस्कार होता. एकत्र कुटुंबात वीस माणसांचा स्वयंपाक एका चुलीवर होत असताना त्याच घरात एका माणसाच्या नावाचा बंद कागदही सुखाने नांदत होता, आणि त्यामुळे कुटुंब मोडले असे कुणी म्हटले नाही.

या आठवणीला दुसरी बाजूही आहे आणि ती झाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. निळ्या कागदाचा तो मान घरातल्या सगळ्यांना मिळत नव्हता. नव्या सुनेचे माहेरचे पत्र पुष्कळ घरांत आधी सासऱ्यांनी वाचले, मग तिच्या हाती आले. कॉलेजात जाणाऱ्या मुलीच्या वह्या चाळणे हा वडिलकीचा हक्कच समजला गेला. म्हणजे खासगीपण आपल्याकडे होते, पण ते मानानुसार वाटलेले होते; ज्याला सर्वांत जास्त गरज, त्याच्या वाट्याला सर्वांत कमी. नव्या यंत्राच्या निमित्ताने जुनी रीत पुन्हा चालवायचीच असेल, तर तिच्यातली ही उणीव भरून काढून चालवावी. सणावारांनी वर्षानुवर्षे हेच तर केले आहे. सांगाडा जुना ठेवला आणि आत नवा अर्थ वसवला.

पासवर्ड ही गोष्ट परक्यांच्या संशयातून जन्मली असा आपला समज असतो, पण तिचे मूळ सामायिक वापरात आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये एकच मोठा संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची पद्धत करून दाखवली. यंत्र एक, माणसे अनेक, आणि प्रत्येकाच्या फायली वेगळ्या. तेव्हा एकाचे काम दुसऱ्याच्या हाती पडू नये म्हणून प्रत्येकाला एक परवलीचा शब्द देण्यात आला. ती माणसे एकमेकांची वैरी नव्हती, एकाच छताखाली काम करणारे सोबती होते. गंमत अशी, की या व्यवस्थेला पहिले छिद्रही एका सोबत्यानेच पाडले. अ‍ॅलन शेर या संशोधकाला ठरवून दिलेला वेळ पुरत नव्हता. त्याने १९६२ मध्ये सगळ्यांच्या पासवर्डांची यादीच छापून घेतली आणि इतरांच्या नावाने काम उरकले. पुढे १९६६ मध्ये दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन फायली दुरुस्त करत असताना त्यांची अदलाबदल झाली आणि जो कुणी यंत्रावर आला, त्याच्यासमोर त्या दिवसाच्या सूचनेऐवजी सर्वांचे पासवर्ड झळकले. सामायिक यंत्राची दोन दुखणी अशी आरंभीच दिसून आली: कुणाला तरी मोह होतो, आणि कुणाच्या तरी हातून चूक होते. घरातही तिसरे कारण सहसा नसते. धाकटा भाऊ मुद्दाम काही करत नाही, खेळासाठी जागा करताना ताईचा प्रबंध पुसून टाकतो.

दसऱ्याच्या कथेत शमीचे झाड येते ते याच संदर्भात मनाशी घोळवण्यासारखे आहे. अज्ञातवासाला निघताना पांडवांनी विराटनगराबाहेरच्या स्मशानाजवळ शमीवर आपली शस्त्रे बांधून ठेवली. नकुल वर चढला, धनुष्ये फांद्यांना बांधली गेली, आणि कुणी जवळ फिरकू नये म्हणून तिथे एक प्रेतही टांगण्यात आले. वाटेतल्या गुराख्यांना सांगितले गेले, की ही आमची वृद्ध माता, आमच्या कुळाची रीतच अशी आहे. युक्ती वर्षभर टिकली, कारण त्या झाडाकडे बघण्याचे कुणाला कारणच नव्हते. दसऱ्याला शमीपूजन करताना आपण त्या विश्वासू झाडाचे स्मरण करतो. मात्र घरातल्या संगणकात आपल्यापैकी बहुतेकांनी पांडवांचाच मार्ग धरला आहे, आणि तिथे तो पुरत नाही. फोल्डर ‘हिडन’ करून ठेवायचा, किंवा त्याला ‘जुनी वीजबिले’ असे कुणाला रस वाटणार नाही असे नाव द्यायचे, हे प्रेत टांगण्यासारखेच झाले. लपवलेल्या गोष्टी दाखवा, अशी एक खूण केली की तो फोल्डर पुन्हा समोर येतो. शोधाच्या चौकटीत एक शब्द टाकला तरी आतली फाइल सापडते. नुकत्याच उघडलेल्या फायलींची यादी तर यंत्र स्वतःहून सादर करते. ब्राउझरच्या गुप्त खिडकीत पाहिलेल्या पानांची नोंद राहत नाही हे खरे, पण तिथून उतरवून घेतलेली फाइल ‘डाउनलोड्स’मध्ये सर्वांसाठी उभी असते. आणि ब्राउझरमध्ये प्रत्येकाच्या चित्राचे वेगळे प्रोफाइल केले म्हणजे भिंत उभी राहिली असेही नाही; संगणकाचे खाते एकच असेल तर एका टिचकीत कुणीही कुणाच्याही प्रोफाइलमध्ये जाऊ शकते.

तेव्हा खरी भिंत हवी, ती खात्यांची. घरातल्या प्रत्येक माणसाचे संगणकावर स्वतःच्या नावाचे खाते असावे, त्याला त्याचा पासवर्ड असावा आणि जागेवरून उठताना पडदा बंद करण्याची सवय असावी. विंडोजमध्ये त्यासाठी दोन बोटांचे काम आहे, विंडोजची कळ आणि ‘एल’. जुन्या विंडोज ९८ मध्ये पासवर्डाच्या चौकटीतले ‘रद्द’ दाबले तरी आत जाता येई, त्यामुळे हा सगळा देखावा आहे असे तेव्हापासून अनेकांच्या मनात बसले. आता तसे नाही. एका साध्या खात्यातून दुसऱ्याच्या फोल्डरला हात लावला तर यंत्र नकार देते. जे सर्वांचे आहे, म्हणजे लग्नाचे फोटो, गॅसचे पुस्तक, सोसायटीची पत्रे, त्यासाठी सर्वांना उघडणारा ‘पब्लिक’ फोल्डर असतो. काय सामायिक आणि काय ज्याचे त्याचे, हे ठरवायला सगळे एकदा एकत्र बसले तर त्या बसण्यातूनच कितीतरी न बोललेल्या गोष्टी मोकळ्या होतात.

यात एक मेख आहे. यंत्रावरची सगळी खाती सारखी नसतात. एक खाते व्यवस्थापकाचे, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे असते आणि त्याला इतरांची दारे उघडता येतात, त्यांचे पासवर्ड बदलता येतात. आपल्या घरांत हे पद नकळत कुणाकडे गेले आहे ते पाहिले की हसू येते आणि थोडी चिंताही वाटते. ज्याने संगणक जोडून दिला त्या सोळा वर्षांच्या मुलाकडे ते असते. सातबारा बापाच्या नावावर आणि सत्ता मुलाच्या हाती, असा हा नवा कारभार. मुलगा गुणी असेलही, पण गुणांवर व्यवस्था सोडू नये. व्यवस्थापकाचे खाते रोजच्या वापरात कुणीच घेऊ नये; ते वेगळे ठेवावे, नवी प्रणाली बसवायची असेल तेव्हाच उघडावे आणि त्याचा पासवर्ड घरातल्या दोन मोठ्या माणसांच्या संमतीशिवाय वापरला जाणार नाही असे ठरवावे.

आणि तरीही खात्याची भिंत यंत्र चालू असते तोवरचीच. संगणक दुरुस्तीला जातो तेव्हा घराचे सारे गुपित दुकानदाराच्या टेबलावर जाते. डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली, किंवा पेनड्राइव्हवरून दुसरीच प्रणाली चालू केली, की पासवर्ड न विचारता फायली वाचता येतात. यावर उपाय सांकेतिकीकरणाचा, म्हणजे डिस्कवरची अक्षरेच किल्लीवाचून निरर्थक करून ठेवण्याचा. विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर आहे, मॅकमध्ये फाइलव्हॉल्ट आहे, आणि ज्याला एखादाच कप्पा बंद करायचा आहे त्याला व्हेराक्रिप्टसारखे मोफत साधन पुरते. आपल्याकडे लोक पासवर्ड लावलेल्या पीडीएफवर मोठा भरवसा ठेवतात. त्यांनी एवढे लक्षात घ्यावे, की ई-आधारच्या फायलीचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्माचे वर्ष. परक्याला ते ठाऊक नसेल. ज्या घरात दर वर्षी आपला वाढदिवस साजरा होतो, तिथे त्याला गुपित कसे म्हणायचे?

कायदा या बाबतीत काय म्हणतो? न्या. के. एस. पुट्टस्वामी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने निकाल दिला, की खासगीपणा हा राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क आहे. त्यानंतर २०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. पण एखाद्या व्यक्तीने स्वतःच्या किंवा घरगुती कामासाठी हाताळलेल्या माहितीला हा कायदा लागूच होत नाही, असे त्यातच नमूद आहे. हे योग्यही आहे. भावाने बहिणीचा फोटो संगणकात ठेवला म्हणून कुणी नोटीस काढावी अशी कुणाची इच्छा नसेल. मात्र त्याचा अर्थ असा, की बँकेने आणि कंपनीने आपल्याशी कसे वागावे हे सांगणारे नियम उंबरठ्यापाशी थांबतात. आत कसे वागायचे ते घराने ठरवायचे. तेवढी जबाबदारी कायद्याने आपल्यावर टाकली आहे, आणि ती आपण अजून उचललेली नाही.

ही जबाबदारी उचलताना सर्वांत नाजूक प्रश्न मुलांचा. आठ वर्षांच्या मुलाला संगणकासमोर एकटे सोडणे ही मोकळीक नव्हे, ती हयगय आहे. लहान वयात देखरेख हवीच. पण ती उघड असावी, मुलाला सांगून केलेली असावी, आणि वयाबरोबर सैल होत जावी. सतरा वर्षांच्या मुलीच्या यंत्रात गुपचूप हेरगिरीची प्रणाली बसवणारा पालक तिला सुरक्षित ठेवत नाही. आपल्यावर विश्वास ठेवू नये एवढेच तिला शिकवतो. तसेच एखाद्या घरात खासगीपण ही केवळ मनाची ऐसपैस जागा नसते, तो जिवाचा प्रश्न असतो. मारहाण सोसणारी बाई मदतीची माहिती शोधते, वकिलाला चार ओळी लिहिते, जखमांचे फोटो जपून ठेवते, तेव्हा सामायिक संगणकात राहिलेली तिची खूण तिच्यावरच उलटू शकते. तिच्यासाठी घरच्या यंत्रापेक्षा विश्वासू मैत्रिणीचे यंत्र किंवा महिलांसाठीचा १८१ हा क्रमांक अधिक सुरक्षित. ‘आपल्याच माणसांपासून काय लपवायचं’ हे वाक्य उच्चारण्यापूर्वी तिची आठवण ठेवली, तर ते वाक्य सगळ्याच घरांना लागू पडत नाही हे ध्यानात येईल.

दुसऱ्या टोकाला वृद्धांचा प्रश्न आहे. कुलूप घट्ट असणे ही एक गोष्ट. किल्ली धन्याबरोबरच निघून जाणे ही दुसरी. सांकेतिक केलेल्या डिस्कचा पासवर्ड हरवला तर तिला उघडणारा कारागीर नसतो. बिटलॉकर आपली अठ्ठेचाळीस आकड्यांची सुटकेची किल्ली आरंभीच हाती देते, आणि आपण ती त्याच संगणकात जपून ठेवतो! घरातल्या कर्त्या माणसाच्या मागे विम्याचे कागद, ठेवींच्या पावत्या, शेतीच्या मोजणीचे नकाशे एका बंद यंत्रात अडकून पडले आणि शोकाच्या दिवसांत मुले पासवर्ड आठवत बसली, असे कुणाच्याही घरी होऊ शकते. म्हणून ती किल्ली कागदावर लिहून, पाकीट बंद करून, मृत्युपत्रासोबत किंवा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावी, आणि ते पाकीट कुठे आहे व कुणी कधी फोडायचे एवढे दोन माणसांना सांगून ठेवावे. बँकेच्या खात्यावर आपण नॉमिनीचे नाव नोंदवतो तेव्हा मरणाची घाई करत नसतो, मागे राहणाऱ्यांची सोय करत असतो. त्याचबरोबर आपल्या मागे काय उघडले जाऊ नये, हेही जिवंतपणी ठरवता येते. जे कुणाच्याच हाती पडायचे नाही ते वेगळ्या कप्प्यात ठेवावे आणि त्याची किल्ली कुणालाच देऊ नये. मेलेल्या माणसाचीही काही अब्रू असते.

हे सारे एका दिवसात उरकणारे नाही, आणि एकदा केले की संपले असेही नाही. मुले मोठी होतात, सुना येतात, यंत्रे बदलतात. विंडोज १० या प्रणालीची नियमित सुरक्षा-डागडुजी कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. तिच्यावर अजून चालणाऱ्या घरगुती संगणकांच्या भिंतींना तेव्हापासून चिरा जाऊ लागल्या आहेत. म्हणूनच अशा कामाला वर्षातून एकदा येणारी तिथी बरी. खंडेनवमीला आपण अवजार पुसतो, त्याची धार बघतो, गंज काढतो, मग फूल वाहतो. संगणकालाही तेवढाच न्याय द्यावा. नको असलेल्या फायली काढाव्यात, रद्दीची टोपलीही रिकामी करावी, महत्त्वाच्या कागदांची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी, कुणाचे खाते व्हायचे राहिले असेल तर ते उघडून द्यावे, जुने पासवर्ड बदलावेत, पाकिटातला कागद ताजा करावा. तासाभराचे काम आहे. आपट्याची पाने आणायला जाण्याआधी ते सहज होऊन जाते.

राहता राहिली ती सुरुवात कुणी करायची ही गोष्ट. आपल्या घरांत रीत वरून खाली येते. धाकट्याने आपल्या खात्याला पासवर्ड लावला तर ते बंड ठरते. थोरल्याने लावून दिला तर तो संस्कार होतो. म्हणून यंदा हळदकुंकवाची बोटे पुसून झाल्यावर घरातल्या सर्वांत वडील माणसाने सर्वांत लहान माणसाला बोलवावे, त्याच्या नावाचे खाते त्याच्याच हातून उघडू द्यावे, पासवर्ड टाइप करताना स्वतः तोंड फिरवावे, आणि तो आपण कधी विचारणार नाही असे सगळ्यांदेखत सांगावे.